आरशातलं अर्धं पाऊल

कपाट मात्र तेच होतं. चाळ पाडून तिथे मोठी इमारत झाली, जिन्याच्या जागी लिफ्ट आली, खिडकीतून विमानतळाचं कुंपण आता खाली कुठेतरी खेळण्यासारखं दिसतं. पण शैलाच्या आतल्या खोलीत शिरले तर कोपऱ्यात ते करड्या रंगाचं लोखंडी कपाट जसंच्या तसं उभं. डाव्या दारावर उभा आरसा आणि आरशाच्या खालच्या कोपऱ्यात पारा उडून पडलेला तोच डाग. शैलाच्या मुलीचं, पल्लवीचं, डोहाळजेवण होतं. बाहेर बायकांचा कालवा, स्वयंपाकघरातून नारळीभाताचा वास, आणि पलंगावर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली मोगऱ्याची वाडी. मी कॅमेऱ्याची बॅग खांद्यावरून उतरवली आणि आधी कपाटाला हात लावला. तेव्हासारखंच गार होतं.

"मावशी, हे कपाट काढून टाक म्हणून किती भांडले मी आईशी," पल्लवी म्हणाली. "ऐकतच नाही ना ती. म्हणते, त्या आरशात तुझी मावशी आहे."

तिला वाटलं, आईची काहीतरी गंमत. पण शैला म्हणते ते खरं आहे. त्या आरशात मी आहे, आणि तिथे मी कशी गेले ते सांगायचं तर पार्ल्यापासून सुरुवात करावी लागेल.

ऐंशीच्या दशकातलं पार्लं माझ्या नाकात आहे. स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलं की बिस्किटाच्या कारखान्याचा वास अंगावर यायचा. सकाळी दुधाळ, गोडसर. दुपारी जरा करपट. परगावचे पाहुणे नाक वर करून हुंगायचे आणि आम्ही रोजचे लोक त्यांना हसायचो. त्याच वासातून चालत मी दळवीकाकांच्या फोटो स्टुडिओत यायचे आणि पडदा बाजूला केला की दुसरा वास यायचा, हायपोचा, म्हणजे फोटो पक्के करायच्या रसायनाचा. आंबूस, धातूसारखा, बोटांना चिकटला की जेवतानासुद्धा न जाणारा. हे दोन वास एकमेकांत मिसळायचे ती जागा म्हणजे स्टुडिओचा उंबरठा. आजही कुणी बिस्किटाचा पुडा फोडला की मला त्यामागून हायपोचा वास येईल असं वाटतं, आणि तो आला नाही की चुकल्यासारखं होतं.

आत काय काय होतं! रंगवलेला पडदा, त्यावर तळं, तळ्यात हंस, मागे बर्फाचे डोंगर. कोकणातून आलेली साधीभोळी जोडपी त्या बर्फासमोर घाम पुसत बसायची. एक प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ होता, तो गेल्या कित्येक वर्षांत पार्ल्यातल्या अर्ध्याअधिक उपवर मुलींच्या हातात जाऊन आला असेल. आणि एका बाजूला चाकांच्या चौकटीवर एक मोठा आरसा, खास डोहाळजेवणाच्या फोटोंसाठी. फुलांची वाडी भरलेल्या बाईला पाठ तिरकी करून बसवायची, मागे आरसा लावायचा, म्हणजे समोरून चेहरा आणि आरशात फुलांनी मढवलेली वेणी, दोन्ही एका फोटोत येतात. हा फोटो नसेल तर डोहाळजेवण झालं असं कुणी मानायचंच नाही. तो आरसा नेमका किती तिरका ठेवला की वेणी दिसते आणि कॅमेरा दिसत नाही, ते गणित दळवीकाकांच्या हातात होतं. चौकटीखाली वर्तमानपत्राची घडी सरकवायचे, एक डोळा मिटायचे, घडी जरा काढायचे, झालं.

"फोटोग्राफर दिसला की फोटो मेला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी फोटोग्राफर नव्हते. मी पेन्सिलवाली होते. खिडकीशी एक उतरतं काचेचं मेज, काचेवर निगेटिव्ह, खालून आरशाने फेकलेला उजेड, आणि माझ्या हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. लोकांच्या गालांवरचे मुरूम, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या मी टिंबं देत देत घालवायचे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. गोरा काळा, काळा गोरा. तरण्याताठ्या पोरींचे केस तिथे पांढरेशुभ्र दिसतात. पहिल्या दिवशी मी घाबरलेच होते, म्हटलं ही सगळी माणसं एकदम म्हातारी कशी झाली? मग सवय झाली. एखादी मुलगी रस्त्यात दिसली तरी मनात तिचं निगेटिव्ह व्हायचं.

त्या कामाला एक नियम होता, काकांनी घालून दिलेला. "मुरूम आठवड्याचा पाहुणा, तो न विचारता घालवायचा. तीळ घरचा माणूस, तो विचारून काढायचा." एकदा मी एका मुलीच्या हनुवटीवरचा तीळ हौसेने साफ केला होता. तिची आई फोटो बघून म्हणाली, "ही कोण?" तेव्हापासून मी तो नियम कधी मोडला नाही.

पेन्सिलवाली म्हणून मला सगळे ओळखायचे. गिऱ्हाइकं मागे वळून सांगून जायची, "जरा बारीक दिसेन असं बघ गं." घरी आमच्या आईला मात्र माझ्या कामाचं काय सांगावं ते कळत नसे. आम्ही अंधेरीला राहायचो. गिरणी बंद पडल्यापासून बाबा एका शाळेत शिपाई होते आणि आई माझ्यासाठी स्थळं बघत होती. अंधेरीत "मुलगी स्टुडिओत जाते" म्हटलं की समोरच्याच्या भुवया वर जायच्या, कारण आमच्याकडे स्टुडिओ म्हणजे सिनेमाचा. आई घाईघाईने म्हणायची, "तसला नाही हो! पासपोर्टच्या फोटोंचा. तिथे कामाला जाते ती." कामाला जाते. बस. मी आतल्या खोलीत कपबश्या लावत ते ऐकायचे आणि मला आतून काहीतरी टोचायचं. मला सांगायचं असायचं की मी फोटो काढते. पण मी काढत नव्हते ना. मी फक्त दुसऱ्याने काढलेले नीट करत होते.

खरं म्हणजे काढतही होते. चोरून नाही, उजळ माथ्याने, फक्त त्याला नाव नव्हतं. दळवीकाकांचा जुना कॅमेरा म्हणजे एक चौकोनी काळा डबा होता, एकाखाली एक दोन भिंगं. तो पोटाशी धरायचा आणि वरून मान खाली घालून काचेत बघायचं. एका रोलवर बारा फोटो. गिऱ्हाईक घाईत असलं की शेवटी एखादी फ्रेम उरायची, आणि ती वाया घालवून रोल धुवायला लागायचा. काका म्हणायचे, "संपव गं तो." शेवटची पोळी पोरांना द्यावी तशी ती उरलेली फ्रेम मला मिळायची. मी धावत बाहेर जायचे. कारखान्याच्या पाळीतून सुटलेल्या बायका, डोक्यावरच्या टोपीत अजून साखरेची भुकटी. भिंतीवर वाळत घातलेल्या पापडांवर बसलेला कावळा. दुपारी खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेले खुद्द दळवीकाका. एकेक फोटो, एकेक संधी. दुसरा काढून बघू असं नसायचंच. पहिली फ्रेम काकांची नेहमी देवाला जायची, गणपतीच्या तसबिरीला, आणि शेवटची मला. मधल्या दहांवर जगाचा हक्क.

त्या काचेत बघण्याची एक खोड होती. तिथे डावं उजवं उलटं दिसतं. माणूस डावीकडे सरकला की काचेत उजवीकडे जातो, आणि त्याला मधोमध आणायला आपण नवखे असलो तर नेमके उलट्या बाजूला पाऊल टाकतो. काकांचं पाऊल कधी चुकायचं नाही. माझं चुकायचं.

तर, तो चैत्र होता. मोगऱ्याचे, लग्नांचे आणि डोहाळजेवणांचे दिवस. काका मुलुंडला एका लग्नाला गेले होते, नवा कॅमेरा आणि फ्लॅश घेऊन. मी खिडकीशी कुणाच्या तरी आठ्या पुसत होते. पडदा बाजूला झाला आणि एक तरुण धापा टाकत आत आला. तो शैलाचा दीर, पण तेव्हा मला शैलाच माहीत नव्हती.

"फोटोग्राफर कुठायत?"

"मुलुंडला गेलेत. लग्नाला."

"अरे यार! आज वहिनीचं डोहाळजेवण आहे, काकांनी येतो म्हणून सांगितलेलं. तिला जिने उतरायला डॉक्टरने मनाई केलीय, नाहीतर इथेच आणली असती. फुलं तर घातली पण तिला! दोन तासांत सुकतील. वाट लागली आता."

काका विसरले होते हे उघड होतं. मी पेन्सिल खाली ठेवली. कपाटात तो जुना काळा डबा होता, त्याच्याशेजारी एक कोरा रोल. आणि मी माझाच आवाज ऐकला.

"चला."

"कोण?"

"मी. मी फोटोग्राफर."

त्याने माझ्याकडे, मग माझ्या बोटांवरच्या पेन्सिलच्या काळ्याकडे पाहिलं. "तू ती पेन्सिलवाली ना?"

"ती पण मीच," मी म्हटलं आणि रोल भरायला घेतला.

हे शब्द तोंडातून गेले तेव्हा काय वाटलं ते सांगते. डॉक्टरकडे कागद असतो, शिंप्याकडे मशीन असतं, भटजीकडे जानवं. फोटोग्राफरला स्वतःलाच आधी म्हणावं लागतं, आणि मग म्हटल्यासारखं करून दाखवावं लागतं. रिक्षात बसले तेव्हा मला घामाने चिंब झाल्यासारखं वाटत होतं, पण खाली उतरून पळून जावं असं मात्र एकदाही वाटलं नाही.

त्यांची चाळ विमानतळाच्या कुंपणाला लागून होती. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात चाळीतल्या सगळ्या बायका. मोगऱ्याचा वास इतका दाट की श्वास घेतला तरी गोड लागायचा. मधोमध चौरंगावर हिरव्या साडीत शैला. डोक्यावर फुलांचा मुकुट, दंडांवर फुलांचे बाजूबंद, कमरेला फुलांचा पट्टा, पाठीवर वेणी दिसूच नये इतकी शेवंती आणि मोगरा. वयाने माझ्याएवढीच, नाकात नथ, आणि चेहरा मात्र परीक्षेला बसलेल्या पोरीसारखा. कारण तिच्या चारी बाजूंनी सूचना चालल्या होत्या. मान वर कर. पदर नीट घे. दात दाखवू नको. या सगळ्यांवर सरदारी होती तिच्या सासूबाईंची. त्यांना सगळे माई म्हणत. मालवणकडच्या, लुकड्या, आवाज मात्र बंदरावरचा.

"ह्यां पोर फोटो काढतला?" माई मला आपादमस्तक बघत म्हणाल्या. "दळवी खंय?"

"काका मुलुंडला. मी काढते."

"काढ तर. पण तिची वेणी आरशात येवक होयी. माझ्या सुनेच्या वेणीत मी स्वतः फुला गुंफलंय."

पहिली फ्रेम मी देवघराला दिली. काकांचा रिवाज माझ्याच्याने मोडवला नाही, आणि खरं म्हणजे मलाही तेवढा वेळ हवा होता. मग आरसा. तिथे चौकटीचा आरसा कुठून येणार? हे कपाट होतं, दारावर आरसा. शैलाचा चौरंग मी त्याच्याजवळ सरकवून घेतला. म्हटलं, दार हवं तेवढं उघडलं की आरसा तिरका होईल, मी दिसणार नाही. पण कपाटासमोर लोखंडी कॉट, आणि कॉटखाली सामान ठासलेलं. दार वीतभर उघडलं आणि कॉटच्या पायाला अडलं. त्या वीतभरात मला माझा कोन शोधायचा होता. मी भिंतीला पाठ घासत एकीकडे सरकले, गुडघे वाकवले, मान खाली घालून काचेत बघितलं. शैलाचा चेहरा आला. आरशात वेणी आली. आणि मी नव्हते. जेमतेम, पण नव्हते. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

फोटो काढले. एक, दोन, आणखी काही. सगळे नीट, सगळे मेलेले. काचेत मला दिसत होतं की शैला बसलेली नाहीये, तिला बसवलेलं आहे. बाजूने माई हात नाचवत सूचना देत होत्याच.

"शैला, हनवटी वर. असां नाय गो, दुकानातल्या भावलेसारख्या नुको, जरा सुवासिनीसारख्या..."

आणि विमान आलं. त्या चाळीत राहणारेच हे समजतील. विमान डोक्यावरून जायला लागलं की बोलणं थांबवायचं. थांबवायचं म्हणजे वाक्य जिथे असेल तिथे, तोंड उघडं असेल तर उघडं, हात वर असेल तर वर. भांडी थरथरतात, खिडकीची काच वाजते, विमान जातं, आणि वाक्य पुढच्या शब्दापासून सुरू. खोलीतल्या सगळ्या बायका एकदम गोठल्या. माई बोट उगारून, तोंडाचा चंबू करून. एक काकू लाडू तोंडाशी नेऊन. मी अंधेरीची, मला विमानं नवी नव्हती, पण एवढ्या बायका एकदम पुतळा झालेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. मी मान वर केली. शैलाने माझ्याकडे बघितलं. मी फक्त एक भुवई उचलली.

शैला हसली. अशी हसली की मुकुट एका कानावर आला, बाजूबंदातून कळ्या गळल्या, एक हात पोटावर गेला आणि दुसरा तोंडावर जाता जाता वाटेतच राहिला. काचेत ती एका बाजूला कलंडून फ्रेमबाहेर निघाली होती. मी अर्धं पाऊल सरकले, आणि बटण दाबलं. विमान गेलं. माई म्हणाल्या, "...बस!" आणि सगळ्यांना कळेना की शैलाला झालं काय.

संध्याकाळी मी रोल धुतला. लाल दिव्याखाली ट्रेमधल्या औषधात कागद हलवत होते. काळ्या-पांढऱ्या फोटोचा तो क्षण मला आजच्या कुठल्याच यंत्राने दिलेला नाही. पांढऱ्या कागदावर आधी साडीचा अंधार उमटतो, मग नथ, मग फुलं, आणि शेवटी हसू. हसू आलं आणि मी एकटीच त्या अंधारात "हा!" असं ओरडले. मग हसण्याच्या मागे आरशात वेणी आली. आणि वेणीच्या शेजारी आणखी काहीतरी यायला लागलं. एक सडपातळ मुलगी. गुडघे जरासे वाकलेले, पोटाशी काळा डबा, मान खाली, देवापुढे उभी असावी तशी.

उलट्या बाजूला पाऊल टाकलं होतं मी.

दुसऱ्या दिवशी फोटो दळवीकाकांच्या हातात दिला. त्यांनी तो बघितला. चष्मा पुसला, पुन्हा बघितला.

"काय हसलीय गं पोरगी," ते म्हणाले. "माझ्यासमोर जन्मात कुणी अशी हसली नाही." मग बोट आरशावर ठेवलं. "हे मात्र पुसून टाक. पेन्सिल तुझीच आहे. दहा मिनिटांचं काम."

खरंच होतं ते. मागे चुन्याची साधी भिंत, तिच्या रंगात मला मिसळून टाकायचं. मी निगेटिव्ह काचेवर ठेवलं, पेन्सिलला टोक काढलं. खालून उजेड आला. तिथे मी होते, उलटी. चेहरा काळा, केस पांढरे. हयातभर हेच काम केलेली एखादी म्हातारी फोटोग्राफर असावी तशी. मी पेन्सिल टेकवणार, आणि हात पुढे जाईनाच. आजवर शेकडो लोकांचं काय काय मिटवलं होतं, कधी दुसऱ्यांदा विचार केला नव्हता. पण ही मुलगी मिटली की तो फोटो कुणी काढला? दळवीकाकांच्या स्टुडिओने. शिक्का मागे त्यांचाच बसणार. आणि मी पुन्हा खिडकीशी.

"काका," मी म्हटलं, "तीळ विचारून काढायचा ना?"

ते वळले. "म्हणजे?"

"हा मुरूम आहे की तीळ, ते तुम्ही नाही ठरवायचं. मी पण नाही. ज्यांचा फोटो आहे त्यांना विचारून येते."

काका मला रागावणार असं वाटलं. त्यांनी चष्मा काढला, लावला, आणि म्हणाले, "जा. पण ते पुस म्हणाले तर तिथल्या तिथे रडायचं नाही. फोटोग्राफर गिऱ्हाइकासमोर रडत नाही." फोटोग्राफर म्हणाले ते. बहुतेक त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून मी चाळीचे जिने चढले. शैला कॉटवर पाय लांब करून बसली होती. माईंनी फोटो हातात घेतला आणि खिडकीशी नेला. मी सांगून टाकलं, की हा सगळ्यात चांगला आलाय पण आरशात मी आलेय, चूक माझी आहे, तुम्ही म्हणाल तर पुसता येतं, कुणाला कळणारसुद्धा नाही. माई बघत राहिल्या. शैला कॉटवरून वाकून बघायला लागली आणि पुन्हा हसायला लागली.

"माई, बघा ना, कशी उभी आहे! नमस्कार करतेय जशी काय."

माईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला.

"रवांदे गो तिका. परकी पोर घरात इली, माझ्या सुनेक हसवल्यान. इतके आमी बायलो होतंव, आमका जमला नाय. आता आरशातसून भायर कित्याक घालवतंस?"

त्याच वेळी विमान आलं, म्हणून मला काही बोलावं लागलं नाही. बरं झालं. तोंड उघडं तसंच ठेवून मी उभी राहिले, डोळे पाण्याने भरलेले, आणि भांड्यांची थरथर थांबेपर्यंत कुणी कुणाला काही विचारलं नाही.

स्टुडिओत परत आले तर काका एका गिऱ्हाइकाशी बोलत होते, पुढच्या आठवड्यातल्या बारशाबद्दल. मी पडद्याआड उभी राहून ऐकलं.

"काळजी नको," ते सांगत होते, "फोटोग्राफर येईल घरी."

"तुम्हीच ना?"

"मी नाही. ती येईल. बायकांच्या समारंभात ती बरी. आमच्यासमोर बायका गप्प बसतात."

त्या दिवशी प्रिंट वाळवायच्या चकचकीत पत्र्यावरून सुकलेले फोटो एकेक करून चट् चट् आवाज करत आपोआप सुटून पडत होते. रोजचाच आवाज. मला तो टाळ्यांचा वाटला. वाटू दे, माझ्या हक्काचा होता.

घरी मी तो फोटो आईला दाखवला. आईने तो शेजारी, वर, खाली, सगळीकडे फिरवला. त्यानंतर आलेल्या एका स्थळाने नेहमीचा प्रश्न विचारला, मुलगी काय करते. मी आत कपबश्या लावत होते. आईचा आवाज आला, खणखणीत. "फोटोग्राफर आहे." मग मुलाचे काका म्हणाले, "म्हणजे लग्नानंतर ते बंद होईलच म्हणा." आई म्हणाली, "तुम्ही पोहे घ्या, गार होतायत." पाहुणे गेल्यावर तिने त्यांचा विषय पुन्हा काढला नाही, आणि मी बशा धुताना मोठमोठ्याने गात होते.

शैलाला मुलगी झाली. तिच्या बारशाला, पहिल्या वाढदिवसाला, शाळेच्या पहिल्या दिवशी, सगळीकडे मी होते. पुढे पार्ल्यात माझं दुकान झालं, ते रंगीत फोटोंचं झालं, मग दुकानच नको झालं. बिस्किटाचा वास गेला. दळवीकाका गेले, माई गेल्या. तो काळा डबा माझ्याकडे आहे, अजून त्यातून बघितलं की जग उलटं दिसतं. हळहळ वाटते, नाही असं नाही. पण खरं सांगू, त्या काळाकडे बघताना माझी मान खाली जात नाही.

आणि आज ही पल्लवी, तीच पोटातली, स्वतः हिरव्या साडीत आरशासमोर बसली होती. मोगऱ्याचा वास तेवढाच दाट. आता वाटेत कॉट नव्हती. मी कपाटाचं दार हवं तेवढं उघडलं, कोन जुळवला, आरशात वेणी आली आणि मी गेले. सोपं होतं. एवढ्या वर्षांनी सोपंच असणार. दोन-चार फोटो काढले. पल्लवी छान दिसत होती, आणि जरा बसवल्यासारखी. शैला माझ्या शेजारी उभी राहून सांगत होती, "पल्लू, हनुवटी जरा वर घे, आणि अशी..."

खिडकीबाहेर विमान आलं. आता जाड दुहेरी काचा आहेत, आवाज आत येत नाही, कुणी थांबत नाही. बाहेरच्या खोलीत बायका बोलतच होत्या. पण शैला थांबली. तोंड उघडं, बोट वर. मीही तशीच थांबले, कॅमेरा अर्धा उचलून. दोघी तिथे, कोपऱ्यात, एका न येणाऱ्या आवाजासाठी पुतळा झालेल्या. पल्लवीने आमच्याकडे बघितलं.

ती हसली. मुकुट कानावर आला.

कॅमेरा माझ्या डोळ्याला लागला होता, मान ताठ. त्यातून डावं डावीकडे आणि उजवं उजवीकडेच दिसत होतं. चुकायला काही जागाच नव्हती. मी अर्धं पाऊल सरकले. आरशात वेणीशेजारी एक बाई आली, केस पांढरेशुभ्र, त्या निगेटिव्हमध्ये होते तसे.

"मावशी," पल्लवी हसू आवरत म्हणाली, "तुम्ही आरशात येताय!"

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि बटण दाबलं.